वाकळेची उलटी बाजू

वाकळ कशी शिवली आहे हे तिच्या उलट्या बाजूवरून कळतं. सुलट बाजूला इरकलीचे काठ, खणाचे तुकडे, लाल-हिरवी ठिगळं यांची गर्दी असते आणि डोळा तिथेच रमतो. उलट बाजूला जुनं धोतर किंवा विटलेलं लुगडं, आणि त्यावर नुसता टाका. तो शेवटपर्यंत सारख्या लांबीचा आहे का, दोरा संपला तिथली गाठ थरांच्या आत सारली आहे का, ओळ कोपऱ्यावर वळताना कापड कुठे गोळा झालंय का, एवढं बघितलं की शिवणारीचा हात कळतो. शिवणवर्गात नवी तुकडी आली की मी पहिल्या आठवड्यात हेच सांगते: आधी उलटं करा, मग बोला. त्यामुळे साताऱ्यातल्या प्रदर्शनाच्या दारातच ‘कृपया कलाकृतींना हात लावू नये’ ही पाटी दिसली, तेव्हा आमच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. हात लावायचा नाही, तर मग सांगलीहून एवढ्या लांब यायचं कशाला?

मी सांगलीत बायकांच्या एका प्रशिक्षण केंद्रात शिवण शिकवते. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, पिको-फॉल, शाळेचे गणवेश हे रोजचं काम. गोधडी आमच्या अभ्यासक्रमात नव्हतीच. ती प्रत्येकीच्या घरी होती, मग ती शिकवायची कशाला, असा सगळ्यांचाच समज. अलीकडे पुण्या-मुंबईहून हाताने शिवलेल्या गोधड्यांच्या ऑर्डरी यायला लागल्या, आणि मग लक्षात आलं की तुकडीतल्या विशी-पंचविशीच्या मुलींना सरळ धावदोरासुद्धा घालता येत नाही. जुकी मशीन पळवतील, कटिंग बिनचूक करतील, पण सुई हातात दिली की टाका नागमोडी. म्हणून पलूस भागातल्या एका आक्कांना आम्ही शिकवायला बोलावलं. सत्तरी ओलांडलेल्या. आयुष्यभर लोकांच्या अंगणात बसून मजुरीने वाकळा शिवल्या. आधी ज्वारीवर, नंतर रोखीवर. मुली मला मॅडम म्हणतात आणि त्यांना आक्का. शिकवण्याचं खरं काम त्याच करतात, हजेरीपटावर मात्र माझी सही असते.

साताऱ्यात गोधडी आणि कापडातल्या नव्या कलाकामाचं प्रदर्शन भरलंय असं कळलं, तेव्हा केंद्रातून परवानगी घेतली, एक वडापची क्रूझर ठरवली आणि भाकरी-खर्डा बांधून निघालो. इस्लामपूर, पेठ नाका, कराड या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. हायवेचं काम चालू होतं आणि गाडीत गाणी चालू होती.

पहिल्या खोलीत जुन्या वाकळा होत्या. माणदेशातली एक मला फार आवडली: जाड, जड, मध्ये जुन्या घोंगड्याचा थर, वर काळ्या चंद्रकळेचे मोठे तुकडे आणि त्यांना लाल पट्टीची चौकट. रंग दोनच, त्यामुळे ती लांबूनही ठसठशीत दिसायची. शेजारी बाळाचं दुपटं, मऊ पडून पारदर्शक झालेलं. एका वाकळेत ठिगळावर ठिगळ, त्यावर पुन्हा ठिगळ. मूळ कापड कुठलं हे सांगता येऊ नये इतकी ती दुरुस्त केलेली. उद्घाटनाची भाषणं नुकतीच संपली होती आणि त्यांत ‘मायेची ऊब’ हे शब्द पुन्हा पुन्हा आले होते. वाकळेविषयी बोलायला उभा राहिलेला प्रत्येक माणूस हेच का म्हणतो, कोण जाणे. ऊब असतेच. पण वाकळ शिवताना बाईची पाठ धरते, नखाखाली सुई शिरते आणि पावसाळ्याआधी काम संपलं नाही तर घरातली पोरं गारठतात, हे त्या उबेइतकंच खरं आहे.

ज्यांनी वाकळ शिवताना पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जुनी लुगडी-धोतरं धुऊन, फाटका भाग कापून, धडके तुकडे एकावर एक अंथरतात. चार थर, पाच थर, ज्याची जशी ऐपत आणि जशी थंडी. सुरकुती राहू नये म्हणून कडांवर दगड किंवा पाटे ठेवायचे, मोठा कच्चा टाका घालून थर पक्के करायचे आणि मग कडेपासून ओळी सुरू करायच्या. कुणी एका बाजूकडून दुसरीकडे सरळ जातं, कुणी चौकोनात चौकोन घेत मध्यावर पोचतं. उत्तर कन्नडात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका त्यांची कवंदी अशीच कडेकडून आत शिवत नेतात. बंगालात कांथा, बिहारात सुजनी, जिथे जुनं सुती कापड आणि रिकामा हात आहे तिथे हे काम आहे.

आता हिशेब मांडू. सहा बाय सात फुटांची वाकळ आणि ओळीत अर्ध्या इंचाचं अंतर धरलं, तर १६८ ओळी होतात, प्रत्येक ओळ ७२ इंचांची. म्हणजे बारा हजार इंचांच्या वर, फुटांत हजारभर. इंचाला चार टाके म्हटले तर अठ्ठेचाळीस हजार टाके. पाच थरांतून सुई काढायची म्हणजे मिनिटाला पंधरा टाके हा चांगला वेग झाला. त्या वेगाने न थांबता चोपन्न तास लागतील. रोज सहा तास मान खाली घालून बसलं तर नऊ दिवस, आणि यात कापड धुणं, जुळवणं, कच्चा टाका, कडेची पट्टी काहीच धरलेलं नाही. हा हिशेब मी फळ्यावर मांडून दाखवला होता तेव्हा मुलींनी तोंडात बोटं घातली. आक्का म्हणाल्या, “मोजत बसलं तर शिवून हुतंय व्हय?”

तर त्या खोलीत आक्का माणदेशी वाकळेसमोर उभ्या राहिल्या आणि मागे हात बांधून नुसत्याच बघत राहिल्या. प्रदर्शनाची देखरेख करणारी एक तरुण मुलगी, बहुधा कलाशाखेची विद्यार्थिनी, जवळ आली. आक्कांनी तिला सरळ विचारलं, “बाळ, पाठ दाखवतीस काय? पाठ बघितल्याबिगर काय कळतंय?” ती जरा घुटमळली, मग पांढरे हातमोजे घालून तिने खालचा कोपरा अलगद उचलला. आक्का वाकल्या, चष्मा सरळ केला आणि सांगायला लागल्या. ही वाकळ दोघींनी शिवलीय. एकीचा टाका बारका, एकीचा लांबट. डावीकडून बारक्या टाक्याची बाई आलीय, उजवीकडून लांब टाक्याची, आणि या ओळीवर दोघी गाठ पडल्यात. “आन् हितं बग. दोरा बदललाय. हितवर शिवली आन् ठिवून दिली. सुगी आली आसंल. म्होरलं मागनं शिवलंया.” त्या मुलीने मोबाईल काढून हे सगळं टिपून घेतलं.

मग मी त्या वाकळेखालची चिठ्ठी वाचली. पारंपरिक गोधडी, सातारा जिल्हा, अंदाजे पन्नास वर्षे जुनी, आणि खाली ज्यांच्या संग्रहातून आली त्यांचं नाव. शिवणारीचं नाव नाही. पुढची चिठ्ठी तशीच, त्याच्या पुढचीही. संग्राहकांचा यात दोष नाही; जुन्या बाजारातून किंवा कुणाच्या माळ्यावरून मिळालेल्या वस्तूची बाई आता कुठून शोधायची? पण शेजारच्या खोलीत गेलं की फरक डोळ्यांत खुपायचा. तिथे नवी कामं होती आणि प्रत्येक चिठ्ठीवर कलाकाराचं नाव, कामाचं शीर्षक, साल, साहित्य, माप असं सगळं व्यवस्थित.

नव्या कामांविषयी मला सरसकट तक्रार करायची नाही. एक काम तर मी अजून विसरले नाही. निळ्या रंगाच्या वेगवेगळ्या छटांच्या सुती पट्ट्या आडव्या जोडलेल्या, सात-आठ फूट उंच. विषय कृष्णेचा महापूर. चित्र कसलंच नाही. घर नाही, होडी नाही, टाहो फोडणारी बाई नाही. फक्त टाका. वरच्या भागात ओळी लांब लांब, मग खाली येत येत दाट, आणखी दाट, तळाशी इतक्या दाट की कापड आक्रसून पुठ्ठ्यासारखं ताठ झालेलं. शिवणकामात जो दोष समजतात, म्हणजे टाक्याने कापड ओढलं जाणं, त्याचाच उपयोग करून पाण्याचा दाब दाखवला होता. ज्या बाईने हे केलं तिला सुई माहीत आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, ते ज्यांनी सांगलीत राहून पाहिलं त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

दुसरं एक काम घोंगड्याचं होतं. दख्खनी मेंढीची काळी लोकर, सनगरांनी खड्ड्याच्या मागावर विणलेल्या अरुंद पट्ट्या, त्या एकमेकींना जोडणारा जाड टाका तसाच उघडा ठेवलेला. घोंगडं ताठ राहावं म्हणून चिंचोक्याची खळ देतात. या कामात अर्ध्या भागाला खळ होती आणि अर्धा भाग विनाखळीचा, मऊ, झोळ पडलेला. आमच्यातल्या एका धनगराच्या मुलीने नाक जवळ नेऊन वास घेतला आणि म्हणाली, खळ खरी आहे.

पण याच खोलीत एका म्हातारीचा फोटो कापडावर छापून त्याभोवती चार ओळी टाके घातलेलं कामही होतं, आणि ते सगळ्यांत मोक्याच्या भिंतीवर होतं. सुरकुतलेला चेहरा, डोक्यावर पदर, खाली इंग्रजी शीर्षक. अशा कामाला मी गोधडी म्हणणार नाही. टाके काढून टाकले तरी त्यात काहीही बदललं नसतं. मग ते कशासाठी? जुन्या लुगड्याचे तुकडे काचेखाली दाबून केलेली एक चौकटही अशीच. कापड दिसत होतं, पण ते कापड असल्याचा काही उपयोग नव्हता.

आक्कांना काय आवडावं? मशीनवर केलेलं काम. एका कलाकाराने साध्या पांढऱ्या कापडावर मशीनच्या सुईने सलग एकाच रेघेत शेताच्या ताली काढल्या होत्या, रेघ कुठे तुटलेली नाही. आक्का त्यासमोर बराच वेळ होत्या. “मशीन फिरवलं का कापड फिरवलं?” त्यांनी मला विचारलं. कापड फिरवलं, म्हटलं. मशीनचे दात खाली घेतात आणि दोन्ही हातांनी कापड चालवतात. “मग ही शिकवा की मला.” हाताचं ते थोर आणि मशीनचं ते हलकं हा भेद शहरातल्या गिऱ्हाइकाचा आहे. ज्या बाईची बोटं आता दुखतात तिला तो परवडत नाही.

खिडकीतून दुपारचं ऊन एका जुन्या लाल इरकलीवर पडत होतं, ते बघून मात्र मला राहवलं नाही. जुन्या कापडावर प्रकाश बेताचाच पाडायचा असतो. मोठी संग्रहालयं तो पन्नास लक्सच्या आसपास ठेवतात, म्हणजे आपल्याला खोली अंधारी वाटावी इतका. उन्हाने रंग उडतो. त्या देखरेखीच्या मुलीला सांगितलं तर तिने लगेच पडदा ओढला. टांगायची पद्धत बाकी चांगली होती: चिमटे नाहीत, खिळे नाहीत, मागे वरच्या कडेला कापडाची नळी शिवून त्यात दांडा घातलेला, म्हणजे वजन सगळीकडे सारखं पडतं. मुलींनी त्या नळीची मापं लिहून घेतली. अशा सहलीचा खरा फायदा हाच असतो.

जेवायला व्हरांड्यात बसलो तेव्हा मुलींनी विचारलं, आपली वाकळ अशी भिंतीवर लावायची ही कल्पना कुणाची? मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ मध्ये जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या अमेरिकन क्विल्ट चित्रांसारख्या भिंतींवर टांगल्या. लोकांनी तोंडभरून कौतुक केलं. जणू आधुनिक चित्रकलाच म्हणाले. त्यांतल्या बऱ्याच क्विल्टना करणारीचं नाव नव्हतं. दोनच वर्षांनी पॅट्रिशिया मेनार्डी या चित्रकर्तीने लेख लिहून हिशेब मागितला: ही बायकांची थोर कला आहे, तर मग ती करणाऱ्या बायकांना बाजूला सारून तिची लांबी-रुंदी पुरुषांच्या चित्रांशी का मोजता? पुढे २००२ मध्ये अलाबामातल्या, नदीच्या वळणावर वसलेल्या जीज् बेंड या गावच्या काळ्या बायकांच्या क्विल्ट त्याच व्हिटनीत लागल्या. गुलामांच्या वंशातल्या बायका, शेतात राबणाऱ्या, नवऱ्यांच्या कामाच्या जुन्या कपड्यांतून थंडीसाठी शिवलेल्या क्विल्ट. या वेळी प्रत्येकीचं नाव होतं. २००६ मध्ये त्यांची अमेरिकेत टपाल तिकिटं निघाली.

“पण पैसे किती मिळाले त्यांना?” एका मुलीने विचारलं. विटा भागातली आहे, वडील यंत्रमागावर. हा प्रश्न तिलाच पडणार. तेही खरं आहे, म्हटलं. हक्क आणि पैशांवरून त्यांतल्या काही जणी २००७ मध्ये कोर्टात गेल्या होत्या आणि ते प्रकरण पुढे आपसात मिटलं.

आपल्याकडेही कापड आणि चित्रकला एकमेकांना अगदीच अनोळखी नाहीत. प्रभाकर बरवे यांच्यासारखा चित्रकार आधी बनारस आणि मग मुंबईच्या वीणकर सेवा केंद्रात कित्येक वर्षं नोकरी करत होता. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत मोठं पुस्तक केलं, आणि ते फ्रान्समधल्या प्रकाशकाने छापलं. आमच्या केंद्रात ते यावं म्हणून मी मागणी लिहून दिली आहे. आमच्याच आज्यांच्या हातच्या कामाचं पुस्तक आम्हाला परदेशातून मागवावं लागतं, याचा राग येण्यापेक्षा मला त्या प्रकाशकाचं कौतुक जास्त वाटतं.

शेवटच्या खोलीत विक्री होती. तिथल्या गोधड्यांच्या किमतीच्या चिठ्ठ्या वाचून मुली कुजबुजायला लागल्या. सुती, सुबक, फिक्या रंगांच्या, शहरातल्या पलंगाच्या मापाच्या. एकीची किंमत आक्कांना मिळणाऱ्या मजुरीच्या पंधरापट तरी असेल. मी विक्रीवर बसलेल्या बाईंना विचारलं, या कुणी शिवल्या? “डिझाइन आमचं आहे, शिवतात गावाकडच्या महिला.” कुठल्या गावाकडच्या, हे त्यांना आठवत नव्हतं. गाडीभाडं, हॉलचं भाडं, नवं कापड, डिझाइनचा विचार, न खपलेला माल, या सगळ्याचा खर्च असतो हे मला कळतं. मीही ऑर्डरी सांभाळते. पंधरापटीतला बराचसा भाग तिकडे जातो हे मान्य. पण चोपन्न तासांची मजुरी आधी बाजूला काढून मग बाकीचं गणित मांडायचं, की बाकीचं मांडून उरेल ते बाईला द्यायचं, यात फार फरक आहे. आमच्या धंद्यात दुसरी पद्धत चालते. ती आमच्या केंद्रातही चालत होती. गेल्या वर्षीपासून आम्ही नगावर मजुरी देणं बंद करून ओळींच्या लांबीवर देतो. दाट शिवणारीला जास्त. साधी गोष्ट आहे, पण ती ठरवून घ्यायला बैठकीमागून बैठका झाल्या.

बाहेर पडून बस स्टँडजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयावरून गाडी गेली. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं तिथे आली होती. आमच्यातल्या बऱ्याच जणी मुलांना घेऊन रांगेत उभ्या राहिल्या होत्या. त्याच लंडनच्या संग्रहालयाने २०१० मध्ये तीनशे वर्षांच्या ब्रिटिश क्विल्टचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं, हे सांगितल्यावर एकीने विचारलं, मग आपल्या संग्रहालयात वाकळ का नाही? मला उत्तर देता आलं नाही. तलवारीबरोबर आणि पगडीबरोबर मावळ्याचं पांघरूणही इतिहासात यायला हवं, एवढंच वाटलं.

परतताना मुद्दाम रहिमतपूरवरून औंधला वळलो. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर उभारलेलं श्री भवानी वस्तुसंग्रहालय निम्म्याहून अधिक मुलींनी पाहिलेलं नव्हतं, आणि त्या सातारा-सांगलीच्याच आहेत! रविवर्म्याच्या चित्रांपुढे त्यांचा पाय निघेना. सैरंध्री किंवा दमयंतीकडे त्या चित्र म्हणून कमी आणि साडी म्हणून जास्त बघत होत्या: निऱ्या कशा पडल्यात, जर कुठे चमकतेय. हेन्री मूरचं आई आणि मुलाचं दगडी शिल्पही तिथे आहे. एवढ्याशा गावात ते आहे हे सांगितलं की मुंबईचे लोक चकित होतात. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते आणि कलाकाराचं नाव त्यांना महत्त्वाचं वाटायचं. त्यामुळेच कुणाचा हात कुठला हे आज तिथे कळतं. डोंगराखालच्या घरांतून त्याच काळात ज्या वाकळा शिवल्या गेल्या असतील, त्यांतली एक तरी नावानिशी राहिली असती तर?

राहिल्या नाहीत त्याची कारणं काही गूढ नाहीत. आधी बोहारीण आली आणि जुन्या लुगड्यांवर स्टीलची पातेली देऊन गेली. बायकांना पातेली हवी होती, त्यांचं काही चुकलं नाही. मग सुती लुगडंच गेलं आणि सिंथेटिक साड्या आल्या. त्या फाटत नाहीत, पण वाकळेत घातल्या तर घाम शोषत नाहीत, थर एकमेकांवरून सरकतात आणि सुई गुळगुळीत कापडावरून निसटते. सोलापुरी चादर आणि मिलचं ब्लँकेट स्वस्त पडायला लागलं. आमच्या सांगली भागात शेवटचा घाव पुराने घातला. २०१९ चं पाणी ओसरल्यावर रस्त्यांच्या कडेला भिजलेल्या गाद्या-वाकळांचे ढीग लागले होते. पाच थरांची वाकळ चिखलाच्या पाण्यात दिवसचे दिवस राहिली की दोघी-तिघींना उचलत नाही, वाळत तर मुळीच नाही. सगळीकडून मदतीची ब्लँकेटं आली, आणि ते बरंच झालं, पण तीन-तीन पिढ्यांच्या वाकळा त्या ढिगाऱ्यांबरोबर गेल्या. आक्कांनी सासूच्या हातची अशीच टाकली. त्या बोलता बोलता सांगून जातात. थांबून दुःख करत नाहीत.

म्हणून या लेखातून मागणं एवढंच आहे. तुमच्या घरात हाताने शिवलेली वाकळ, गोधडी, दुपटं काही शिल्लक असेल तर ते उलटं करा आणि मागच्या खालच्या कोपऱ्यात शिवणारीचं नाव, गाव आणि साल घाला. मार्करने लिहू नका, चार धुण्यांत जातं. मांजरपाटाची बोटभर रुंद पट्टी घ्या, पेन्सिलीने अक्षरं काढा, काळ्या सुती दोऱ्याने देठटाक्यात भरा आणि पट्टी चारही बाजूंनी शिवून टाका. नाव माहीत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आज विचारा. दोघींनी शिवली असेल तर दोघींची नावं घाला. लुगडं कुणाचं होतं तेही कळलं तर उत्तम. प्रदर्शन भरवणाऱ्यांनाही विनंती आहे की नव्या कामात दुसऱ्याच्या हाताचे टाके असतील तर चिठ्ठीवर एक ओळ वाढवा, आणि एक तरी वाकळ अशी ठेवा की जिला लोकांना हात लावता येईल, उलटून बघता येईल.

आमच्या केंद्रातून आता निघणाऱ्या प्रत्येक वाकळेवर अशी पट्टी असते. एका व्यापाऱ्याने ती काढून मिळेल का असं विचारलं होतं. मिळणार नाही असं कळवलं आहे. त्यांना तशी हवी असेल तर त्यांनी दुसरीकडून घ्यावी.